सेल्फ पुन्हा पुन्हा का बिघडतो?

पूर्व विदर्भात नुसते 'अर्जुनी' म्हणून भागत नाही. एक अर्जुनी रेल्वेमार्गावरची, तिला अर्जुनी मोरगाव म्हणतात. दुसरी सडकेवरची, म्हणून ती सडक अर्जुनी. ही सडक म्हणजे नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी करीत रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग. त्याचा क्रमांक पूर्वी ६ होता, आता ५३ आहे. १९९९ साली भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हे गाव त्या जिल्ह्यात आले. जवळच कोहमारा येथे गोंदियाकडे आणि नवेगावबांधकडे जाणारे रस्ते फुटतात. तेव्हा डिझेलच्या गाड्यांना या भागात तोटा नाही.

डिसेंबर महिन्यात भल्या पहाटे या सडकेवरील एखाद्या ढाब्यापाशी उभे राहा. पारा कधी कधी दहा अंशांच्याही खाली गेलेला असतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाड्या एकेक करून जाग्या होऊ लागतात. एखादी 'घर्र-घर्र' करून लगेच धडधडू लागते. दुसरी बराच वेळ कण्हते आणि मग नाइलाजाने सुरू होते. आणि तिसरीतून फक्त 'टक्' असा आवाज येतो. चालक पुन्हा किल्ली फिरवतो, पुन्हा 'टक्'. मग कोणी तरी म्हणतो, "सेल्फ गेला!"

हा 'सेल्फ' म्हणजे सेल्फ-स्टार्टर, इंजिनाला पहिले काही फेरे देणारी विजेची मोटर. विद्यार्थी मित्रांनो, आज आपल्याला एक अडचणीचा प्रश्न सोडवायचा आहे. सेल्फ एकदा बिघडला, दुरुस्त केला, गाडी चालू लागली, तर त्यात नवल नाही. पण तोच सेल्फ चार महिन्यांनी पुन्हा बिघडला, नवा बसवला, आणि तो नवाही वर्षाच्या आत गेला, तर काय समजायचे? वस्तू वाईट, की कारागीर वाईट, की आणखी काही?

आपल्या सोयीसाठी एक गाडी कल्पू. एका कुटुंबाने जुनी, चार सिलिंडरांची डिझेल मिनीबस घेतली आहे आणि आत झोपायच्या फळ्या, छोटा ओटा, दिवे, पंखे बसवून तिचे चाकांवरचे घर केले आहे. सुट्टीत सगळे मिळून नवेगावबांधचा तलाव आणि नागझिऱ्याचे जंगल पाहायला निघाले आहेत. सडक अर्जुनीला मुक्काम झाला आणि सकाळी गाडीने 'टक्' केले. दोन वर्षांत सेल्फची ही तिसरी खेप आहे. घरातली मंडळी वैतागली आहेत, खिशाला चाट बसते आहे, आणि दर वेळी निदान तेच: सेल्फ गेला.

निदान बरोबर की चूक हे ठरवण्याआधी डिझेल इंजिन सुरू करणे इतके अवघड का असते ते पाहू या.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याची मूळ कल्पनाच अशी, की हवा इतकी दाबायची की ती तापून लाल लोखंडासारखी व्हावी आणि तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटावे. १८९७ साली त्याचे इंजिन ऑग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. सायकलचा पंप जोरात मारला की त्याचे खालचे टोक गरम लागते, हा अनुभव तुम्हाला आहेच. डिझेल इंजिनाचा दट्ट्या हवा साधारण सोळा ते बावीस पट दाबतो. दहा अंश तापमानाची हवा एकदम अठरा पट दाबली आणि तिची थोडीही उष्णता बाहेर गेली नाही, तर गणिताने तिचे तापमान सहाशे अंशांच्या वर जाते. डिझेल आपोआप पेटायला याच्या निम्म्याहून कमी तापमान पुरते. मग अडचण कुठे आहे?

अडचण 'एकदम' या शब्दात आहे. दट्ट्या सावकाश वर गेला, तर दाबलेली हवा थंड सिलिंडरला आपली उष्णता देऊन बसते, आणि काही हवा दट्ट्याच्या कड्यांमधून निसटूनही जाते. सायकलचा पंप हळूहळू मारून पाहा, टोक फारसे तापणार नाही. म्हणून डिझेल इंजिन नुसते फिरवून चालत नाही. ते पुरेशा वेगाने, म्हणजे मिनिटाला किमान शंभर-दीडशे फेऱ्यांच्या आसपास फिरवावे लागते. सावकाश फिरणारे इंजिन दिवसभर फिरवले तरी पेटायचे नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या शेतावर विहिरीचे जुने डिझेल इंजिन असेल, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिले असेल. हँडल मारणारा माणूस आधी एक खटका उचलतो. त्यामुळे झडप उघडी राहते, हवा दाबली जात नाही आणि इंजिन हलके फिरते. जड चाकाला चांगला वेग आला की तो खटका सोडतो. चाकात साठलेल्या गतीच्या जोरावर पहिले दाबणे होते आणि इंजिन 'धड्' करून पेटते. किर्लोस्करांच्या कारखान्यातून निघालेल्या असंख्य इंजिनांनी महाराष्ट्राला ही युक्ती शिकवली. पण चार सिलिंडरांच्या गाडीत असा खटका सहसा नसतो. तिथे सगळा भार सेल्फवर पडतो.

एवढे काम करणारी मोटर आकाराने मात्र केवढी? मोठ्या तांब्याएवढी! हे कसे जमते? अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या अभियंत्याने १९११ साली विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत तो आला. त्याआधी केटरिंग दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवण्याचे काम करत असे. गल्ल्याचा खण क्षणभर ढकलायचा असतो, दिवसभर नाही. तेव्हा लहान मोटरीकडूनही थोडा वेळ भलतेच काम करून घेता येते, फक्त मग तिला गार होऊ द्यावे लागते. सेल्फ ही अशीच, दोन-तीन सेकंदांसाठी ताकदीबाहेर राबवायची मोटर आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा फार उपयोग होणार आहे.

आता सेल्फच्या आत डोकावू. किल्ली फिरवली की बारीक तारेतून थोडी वीज सेल्फच्या पाठीवरच्या छोट्या नळकांड्यात जाते. याला सोलेनॉइड म्हणतात. हा एक विद्युत्चुंबक आहे. तो एकाच झटक्यात दोन कामे करतो. एका टोकाने तो दहा-बारा दात्यांचे लहान दंतचक्र पुढे ढकलून इंजिनाच्या जड चाकावरील शंभराहून अधिक दात्यांच्या कड्यात, म्हणजे रिंग गिअरमध्ये, अडकवतो. दुसऱ्या टोकाने तो तांब्याची एक जाड चकती दोन बोल्टांवर दाबतो आणि बॅटरीचा खरा प्रवाह मोटरीत सोडतो. तो 'टक्' आवाज या सोलेनॉइडचा असतो. तेव्हा 'टक्' झाले म्हणजे किल्ली आणि बारीक तार यांनी निदान काही तरी काम केले, एवढा पुरावा आपल्या हाती आला.

आणि तो खरा प्रवाह किती असतो? घरातल्या दिव्याला एक अँपियरसुद्धा लागत नाही. आपल्या मिनीबसचा सेल्फ फिरताना अडीचशे ते तीनशे अँपियर घेतो आणि अगदी पहिल्या क्षणी त्याच्याही दुपटीने. म्हणूनच बॅटरीपासून सेल्फपर्यंतची केबल अंगठ्याएवढी जाड असते. मोठ्या ट्रकमध्ये बारा व्होल्टऐवजी चोवीस व्होल्ट वापरतात, त्याचे एक कारण हेच: दाब दुप्पट केला की तेवढ्याच कामाला निम्मा प्रवाह पुरतो.

आता ओमचा नियम आठवा. दाब = प्रवाह × रोध. एखाद्या सांध्यावर गंज चढून तिथे फक्त एक शतांश ओम रोध निर्माण झाला, असे समजा. दिव्याच्या मंडलात एक शतांश ओम म्हणजे काहीच नाही. पण तीनशे अँपियरच्या वाटेत? ३०० × ०.०१ = ३ व्होल्ट! बारांपैकी तीन व्होल्ट त्या एका सांध्याने गिळले. शिवाय तिथे ३ × ३०० = ९०० वॉट उष्णता निर्माण झाली. घरातल्या इस्त्रीएवढा चटका एका बोल्टाखाली! म्हणूनच सेल्फ मारल्यावर एखादा सांधा हाताला गरम लागला, तर तो सांधाच चोर आहे असे खुशाल समजावे.

आता मोठी गंमत पाहा. हा चोर साध्या तपासणीत सापडत नाही. गाडी उभी असताना सेल्फच्या बोल्टवर मीटर लावला तर पूर्ण बारा व्होल्ट दिसतात! पुष्कळ लोक इथेच फसतात. "वीज तर येते आहे, म्हणजे दोष सेल्फचाच," असे म्हणून सेल्फ काढतात.

हे का होते ते समजायला सडक अर्जुनीहून चांगली जागा नाही, कारण हा सगळा मुलूख तलावांचा आहे. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव आणि मालगुजारीच्या काळातले, आज ज्यांना लोक 'मामा तलाव' म्हणतात ते तलाव, यांवर इथली धानाची शेती उभी आहे. तलावापासून बांधीपर्यंत एक सपाट पाट गेला आहे आणि मधेच गाळ-गवत साचून तो जवळजवळ बुजला आहे, असे समजा. बांधीकडचे तोंड बंद ठेवा. पाणी गाळातून झिरपत का होईना पलीकडे जाते आणि काही वेळाने गाळाच्या अलीकडे आणि पलीकडे पाण्याची पातळी सारखीच होते. केवळ पातळी पाहून कोणी म्हणेल, पाट उत्तम आहे! आता बांधीकडचे तोंड उघडा. गाळाच्या पलीकडची पातळी झपाट्याने खाली जाते, अलीकडची मात्र तशीच राहते. पाणी वाहू लागल्याशिवाय अडथळा कळत नाही, आणि वाहू लागले की पातळीतील फरकच अडथळ्याची जागा दाखवतो.

विजेचेही अगदी असेच आहे. प्रवाह शून्य असेल तर प्रवाह × रोध हा गुणाकारही शून्य. मग केबलमधील शेवटची एकच तार शाबूत असली तरी मीटर बारा व्होल्टच दाखवणार. तेव्हा मोजमाप सेल्फ फिरत असतानाच केले पाहिजे. आणि रोध मोजणारा मीटर इथे कुचकामाचा, कारण एक शतांश ओम साध्या मीटरला दिसतच नाही. त्याच्या स्वतःच्या तारांचा रोधच त्याहून जास्त असतो.

तर आपल्या मिनीबसवर हे मोजमाप करून पाहू. हे काम जाणत्या मिस्त्रीने करायचे, तुम्ही शेजारी उभे राहून आकडे लिहून घ्यायचे. चाकांना दगड लावलेले, गिअर मोकळा, हातब्रेक ओढलेला. इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून डिझेलचा पुरवठा बंद केलेला. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. हातात अंगठी किंवा कडे नको, कारण ते बॅटरीच्या दोन टोकांमध्ये सापडले तर क्षणात लालभडक होते. एकाने आत बसून पाच सेकंद सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर पाहायचा.

गाडी शांत असताना बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट भरला. म्हणजे ती पूर्ण भारलेली आहे. (१२.२ आली असती तर निम्मी रिकामी समजून आधी ती भारून घ्यावी लागली असती. अर्धपोटी बॅटरीवर केलेल्या तपासणीला अर्थ नाही.) सेल्फ मारताना तोच दाब १०.६ झाला. नऊ-साडेनऊच्या खाली गेला नाही, तेव्हा बॅटरी अगदी नवी नसली तरी ठीक आहे. मग मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी सेल्फवर जिथे जाड केबल येते त्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारला. फरक ०.२ व्होल्ट. केबल चांगली. मग सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर मीटरच्या तारा ठेवल्या. गाडी शांत असताना इथे बारा व्होल्ट दिसतात, कारण मधली चकती उघडी असते. सेल्फ मारताच ०.२ उरले. चकतीही चांगली. इथवर सगळे निर्दोष!

इथे बहुतेक जण थांबतात, पण अर्धा रस्ता अजून राहिला आहे. वीज बॅटरीतून सेल्फपर्यंत गेली, तशी ती परतही आली पाहिजे. परतीला केबल कुठे दिसते? सेल्फ इंजिनाला बोल्टाने घट्ट बसवलेला आहे, तेव्हा परतीची वाट इंजिनाच्या लोखंडातून जाते. पण इंजिन रबराच्या उशांवर ठेवलेले असते, नाही तर त्याची थरथर साऱ्या गाडीला हलवील. आणि रबर वीज वाहत नाही! म्हणून इंजिनापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत विणलेल्या तांब्याची एक पट्टी जोडलेली असते. तिला गॅरेजमध्ये 'अर्थ' म्हणतात. ती खाली, चिखल-पाण्यात, कोणाच्या नजरेत न येता लोंबत असते.

मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी सांगाड्यावर: ०.२ व्होल्ट. आता एक तार सांगाड्यावर, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर. सेल्फ मारला आणि मीटरने २.२ व्होल्ट दाखवले!

सापडला. १०.६ मधून ०.२, ०.२, ०.२ आणि २.२ वजा करा. सेल्फच्या वाट्याला उरले ७.८ व्होल्ट. प्रवाह २५० अँपियर धरला, तर त्या पट्टीच्या सांध्यावर ५५० वॉट वाया जात होते. आणि हेही पाहा, की या सांध्याचा रोध किती भरतो? २.२ ÷ २५० म्हणजे ओमचा एक शतांशसुद्धा नाही!

या भागात वर्षाला बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बोल्टाखाली पाणी शिरायला चार महिने मिळतात. तांब्याची पट्टी, लोखंडाचा सांगाडा आणि मधे ओलावा हे तिन्ही एकत्र आले की गंज झपाट्याने चढतो. त्यातून आपली गाडी म्हणजे चाकांवरचे घर. घर सजवताना सांगाड्याला नवा रंग दिला असेल, आणि पट्टी काढून रंगावरच पुन्हा आवळली असेल, तर मग विचारायलाच नको. रंग हा विजेला गाळासारखाच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दाब कमी मिळाला म्हणून सेल्फ सावकाश फिरेल हे समजले. पण तो जळतो का?

इंजिन फिरवायला जेवढा पीळ लागतो तेवढा लागतोच, आणि या मोटरीत पीळ प्रवाहावर अवलंबून असतो. म्हणून दाब घटला तरी सेल्फ प्रवाह जवळजवळ तेवढाच घेतो, फक्त वेग घटतो. वेग घटल्यामुळे इंजिन पेटत नाही. पेटत नाही म्हणून चालक दोन सेकंदांऐवजी बारा सेकंद किल्ली धरून ठेवतो. प्रवाह तोच आणि वेळ सहापट, तर आत साठणारी उष्णताही सहापट! केटरिंगची ती गोष्ट आठवा. क्षणभर राबणाऱ्या मोटरीला आपण बिगारीला जुंपले. वेटोळ्यांवरचा लेप करपतो, कार्बन झिजतात, आणि जिथे डाख दिलेला असतो तिथे तो वितळून उडतोही.

दुसरा घाव सोलेनॉइडवर पडतो. चकती बसताच प्रवाह सुरू होतो, प्रवाह सुरू होताच दाब घसरतो, दाब घसरताच चुंबकाची पकड सुटून चकती मागे येते. प्रवाह थांबतो, दाब वाढतो, चकती पुन्हा पुढे. 'टक्-टक्-टक्-टक्' असा जो गोळीबारासारखा आवाज तुम्ही ऐकता तो हाच. प्रत्येक 'टक्'ला एक ठिणगी, आणि प्रत्येक ठिणगीला तांब्याचा एक कण जळतो. शेवटी चकती इतकी काळी पडते की प्रवाहच जात नाही. उलट कधी ती बोल्टांना चिकटूनही बसते. मग किल्ली सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो.

म्हणजे सेल्फ खरोखरच जळला होता. मिस्त्री खोटे बोलत नव्हता. पण सेल्फ हा रोगी होता, रोग दुसरीकडे होता.

मग नवा सेल्फ बसवल्यावर गाडी काही महिने छान का चालत होती? हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच शहाणी माणसेही चकतात. एक तर नव्या सेल्फचे कार्बन नवे, बुश नवे, घर्षण कमी. आठ व्होल्टांतही तो कसाबसा वेळ मारून नेतो. दुसरे, त्या वेळी उन्हाळा असेल, तर इंजिनातले तेल पातळ असते. आणि तिसरे म्हणजे सेल्फ काढताना-घालताना मिस्त्रीने बॅटरीची टोके सोडली, पुसली, पुन्हा आवळली, अर्थची पट्टी हलवली. गंजलेला सांधा नुसता हलवला तरी काही दिवस बरा वागतो! एका वेळी चार गोष्टी बदलल्या आणि श्रेय मात्र सर्वांत महाग वस्तूला मिळाले. प्रयोगवहीत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो, ते याचसाठी.

आपल्या गाडीचा इलाज स्वस्त निघाला. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडायचे (आणि शेवटी जोडायचे), पट्टी काढायची, दोन्ही बाजूंचा रंग व गंज घासून चकचकीत धातू उघडा करायचा, तुटक्या तारांची असेल तर पट्टी नवी घालायची, घट्ट आवळायचे आणि वरून ग्रीस लावायचे, म्हणजे पाणी शिरणार नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल, तर ती खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावी. ती आम्लाची करणी असते, म्हणून तिथे पितळेची भांडी घासायची चिंच उपयोगाची नाही. भंडाऱ्यात चिंचेने भांडी उजळत असली तरी! साफसफाईनंतर पुन्हा मोजले, तर सांगाडा आणि इंजिन यांतला फरक ०.१ व्होल्ट आला आणि सेल्फला ९.९ व्होल्ट मिळू लागले. इंजिन दुसऱ्या सेकंदाला पेटले.

अर्थात प्रत्येक गाडीचा रोग हाच असेल असे नाही. चाकांवरच्या घरात आणखी एक खोड असते. दिवे, पंखे, पाण्याचा पंप हे सगळे इंजिनाच्याच बॅटरीवर जोडलेले असले, तर रात्रभरात ती निम्मी होते आणि सकाळी सेल्फ उपाशी राहतो. घराला वेगळी बॅटरी हवी, आणि इंजिन बंद असताना दोन्हींचा संबंध तोडणारा रिले हवा. शिवाय अशी गाडी महिनोन् महिने उभी असते. न भारता पडून राहिलेल्या बॅटरीतील पत्र्यांवर शिसाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ती कायमची दुबळी होते.

कधी दोष दात्यांत असतो. सेल्फ 'खर्रर्र' करून नुसताच फिरतो, इंजिन हलत नाही. यात एक मौज आहे. चार सिलिंडरांचे इंजिन बंद होताना कुठेही थांबत नाही. दर अर्ध्या फेरीला कोणता ना कोणता दट्ट्या हवा दाबत असतो. त्या दाबाला अडून ते थांबते. म्हणून ते जवळजवळ नेहमी जड चाकाच्या समोरासमोरच्या दोन जागांपैकी एका जागी थांबते आणि सेल्फचे दंतचक्र वर्षानुवर्षे त्याच दोन जागी आदळते. रिंग गिअरचे तेवढेच दाते झिजतात, बाकीचे नव्यासारखे! अशा झिजलेल्या दात्यांवर नवा सेल्फ बसवला, तर त्याचेही दंतचक्र लवकरच खराब होते आणि पुन्हा सेल्फलाच बोल लावतात. 'खर्रर्र' झाल्यावर गाडी गिअरमध्ये टाकून थोडी पुढे ढकलली आणि मग सेल्फने इंजिन उचलले, तर संशय दात्यांवर घ्यावा. हे कडे गरम करून, प्रसरण पावल्यावर चाकावर चढवलेले असते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात तसेच. कुशल कारागीर ते तापवून काढतो आणि नवे चढवतो.

शाळेत ही मोटर आणणे शक्य नाही, पण मूळ तत्त्व दीड व्होल्टच्या एका घटावर पाहता येते. एक घट, टॉर्चचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब त्याच्या होल्डरसह, दोन्ही टोके तासलेली एक पेन्सिल आणि अंकदर्शी मल्टिमीटर घ्या. घट, पेन्सिलीचे शिसे आणि होल्डर एकापाठोपाठ जोडा. पेन्सिलीचे शिसे हा आपला गंजलेला सांधा. बल्ब काढून होल्डरच्या दोन टोकांवर मीटर लावा: जवळजवळ दीड व्होल्ट, जणू पेन्सिल मधे नाहीच. आता बल्ब लावा आणि पुन्हा वाचा. मग मीटर शिशाच्या दोन टोकांवर लावा. दोन्ही आकड्यांची बेरीज घटाच्या त्या वेळच्या दाबाशी जुळते का, ते वहीत लिहा. निरनिराळ्या कठीणपणाच्या पेन्सिली घेऊन पाहा. एचबी आणि टू-बी यांत फरक पडतो का?

जाता जाता एक कोडे. एक गाडी सकाळी गार असताना झटक्यात सुरू होते. चाळीस किलोमीटर चालवून चहाला थांबली, की दहा मिनिटांनी नुसते 'टक्'सुद्धा करीत नाही. अर्ध्या तासाने आपोआप ठीक होते. बॅटरी उत्तम, अर्थ उत्तम. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, सोलेनॉइड इंजिनाच्या कुशीत बसलेला असतो आणि किल्लीकडून त्याच्याकडे येणारी तार बारीक व लांब असते, एवढे धागे तुमच्या हाती आहेत. मीटर कुठे लावाल?